दोघांची फळी

फळीवर दोनदा टिकटिक करायची, कान लावायचा आणि म्हणायचं, "घरी इचारून सांगतो."

अमरावतीत आमच्या आरामशीनवर, म्हणजे लाकूड कापायच्या गिरणीवर, हे काका दिसले की मालक मला डोळा मारायचे. काका बसचे कंडक्टर होते. रिटायर झाले तरी तिकिटाला भोक पाडायचा जुना पंच खिशात असायचाच. गाडीतला दांडा वाजवायचे तशी ते फळी वाजवायचे. असं गिऱ्हाईक तुमच्याही बघण्यात असेल. विचारणार सगळं, घेणार काही नाही.

साग परतवाड्याकडचा का? कापून किती दिवस झाले? गाभ्याचा का कडेचा? मी उत्तर दिलं की ते ओठातल्या ओठात घोकायचे. मग एक तुकडा पिशवीत टाकून न्यायचे, आणि पुन्हा येऊन सांगायचे, "नाही म्हनते. ओलं हाय म्हनते."

त्यांना बंगई करायची होती. बंगई म्हणजे झोपाळा, इकडचा शब्द.

"काकाजी, बायकोले इचारल्याशिवाय शिंकता तरी का?" मालक म्हणायचे.

"शिंकतो ना. पन हळू."

मी कोकणातला. आठवीत शाळा सुटली, आणि काम मिळेल तिकडे सरकत इतक्या लांब आलो. सुरुवातीला इथली बोली डोक्यावरून जायची. मशीनपुढे उभा राहिलो की माप तीन-तीनदा घ्यायचो. अजून घेतो. कापलेलं लाकूड पुन्हा जुळत नाही, ही भीती काही जात नाही.

शेवटी एक फळी घरी पसंत पडली. ती पोचवायला मी गेलो. ऑटोबाहेर निघालेल्या टोकाला काकांनी लाल रुमाल बांधला, ऑटोच्या दांड्यावर दोनदा पंच वाजवला, आणि ऑटो सुटला. बस सोडतात तसा.

त्यांच्या अंगणात एक बाई रंधा मारत होती. पदर खोचलेला, कानावर पेन्सिल, पायाशी लाकडाच्या सालपटांचा ढीग.

"ह्या आमच्या घरच्या," काका म्हणाले.

फळी खाली ठेवायची असते हेच मी विसरलो. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोची सागवानी चौकट, कपाट, पाट, सगळं त्यांच्या हातचं. चांदूर रेल्वे गावात त्यांचे वडील एका फर्निचरवाल्याकडे कामाला होते. दुपारचा डबा नेता नेता पोरीचा हात बसला. काकांना मात्र खिळाही सरळ ठोकता येत नव्हता.

"मग तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"सांगतलं असतं त तुमी हिच्यावर हासले असते. माह्यावर हासा. भरल्या गाडीत लोकाईचं आयकाची सवय हाय मले."

काकूंनी फळीवर पालथा हात फिरवला आणि मला जेवायला बसवलं. "असा काहून घाबरून राहिला बाप्पा? जेव." त्या दिवसापासून माझा रविवार त्याच घरी जायचा. काकू माझ्या आईशी फोनवर बोलायच्या; दोघींना एकमेकींचं निम्मं कळायचं नाही, तरी बोलणं संपायचं नाही. काका जमिनीवरच्या फळीवर एका टोकाला बसून दाखवायचे. "खिडकीची सीट माही. आधीच सांगून ठेवतो."

मग एका सकाळी मालक म्हणाले, "तुहे घरी-इचारतो गेले बे."

मला वाटलं, गावाला.

झोपेतच गेले होते. आदल्या रविवारी त्यांनी मला वांग्याच्या भाजीचा डबा बांधून दिला होता. तो डबा अजून माझ्याकडेच होता.

काही आठवड्यांनी आरामशीनसमोर ऑटो थांबला आणि काकू उतरल्या. आमच्याकडे पहिल्यांदाच. सोबत तीच फळी. रंधलेली, कोपरे गोल केलेले, कड्यांसाठी भोकं पाडलेली. मालक खुर्चीवरून उठून उभे राहिले.

"एकाची करून दे," काकू मला म्हणाल्या.

मला कळेना.

"खिडकीकडची बाजू काढून टाक. करवत लावली का हात थांबते माहा. तू परका हाय, तुह्यानं होईन."

परका. मी फळी मशीनवर घेतली, बटण दाबलं, पातं फिरायला लागलं. फळीवर पेन्सिलची रेघ होती. काकूंची रेघ, आणि वाकडी. मी बटण बंद केलं.

"काकू, घरी विचारून सांगतो."

माझ्याच तोंडून ते आलेलं ऐकून मी हादरलो. कोणी हसलं नाही.

"तुह्यं घर कोकनात," काकू म्हणाल्या. "इथं कोनाले इचारशीन?"

"तुम्हालाच."

काकूंनी फळीवर पालथा हात फिरवला, आणि पेन्सिलची ती रेघ अंगठ्याने घासून घासून पुसली.

"नाही म्हनते," त्या म्हणाल्या. अगदी काकांसारखं.

मालकांनी आणि मी फळी ऑटोत चढवली. अर्धी बाहेरच राहिली. मी टोकाला लाल फडकं बांधलं. काकू आत बसल्या, पिशवीतून पंच काढला आणि दांड्यावर दोनदा वाजवला.

ऑटो सुटला.