एडिंबराच्या गाडीतले मोजे

शुभदा ताम्हणे जयपूरच्या मुलींच्या कॉलेजात भूगोल शिकवायची. नवरा श्यामकांत बँकेत. १९६२ साली तिला एडिंबराला शिकायला जायची शिष्यवृत्ती मिळाली. सासूबाई सुमित्राबाईंनी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी डिंकाचे लाडू वळायला घेतले.

त्या हिवाळ्यात इंग्लंडात भयंकर बर्फ पडला. नाताळची सुट्टी लंडनच्या मैत्रिणीकडे घालवून शुभदा परत निघाली. लंडनहून एडिंबराला जाणारी एक्सप्रेस एरवी संध्याकाळच्या आत पोचवायची. पण भर दुपारी गाडी माळरानावर थांबली. पुढचा रूळ बर्फाखाली गेला होता. डब्यातली ऊब हळूहळू ओसरली. शुभदाच्या अंगावर साडी आणि शालींचे थर असले तरी पायांत साधे बूट होते आणि चढता-उतरताना ते भिजलेले. बोटं बधिर झाली.

गार्ड मॅक्लिन, पिकल्या मिशांचा माणूस, मागच्या गाडीला इशारा द्यायला बर्फातून चालत जाऊन आला होता. डब्याडब्यांत विचारपूस करताना त्याची नजर तिच्या पायांकडे गेली.

"बाई, बूट काढा आधी!"

ती संकोचली. त्याने आपल्या पेटीतून लोकरीचे जाड मोजे आणून दिले. "बायकोने विणलेत. कोरडे आहेत."

शुभदाने लाडवांचा डबा उघडला. मॅक्लिनने एक लाडू खाल्ला, दुसरा मागून घेतला. मग डबा सगळ्या डब्यात फिरला. अंधार पडता पडता बर्फ हटवणारं इंजिन आलं.

जयपूरला परतल्यावर तिने ही हकीकत सांगितली. सुमित्राबाई डोळे पुसत म्हणाल्या, "माझ्या सुनेचे पाय राखले त्याने. रिकाम्या हाताने आभार कसे मानायचे गं?"

त्या स्वतः बाजारात गेल्या, दहा रजया उलगडायला लावल्या आणि सांगानेरी छापाची एक पसंत केली. शुभदाने लिहून आणलेल्या मॅक्लिनच्या पत्त्यावर पार्सल बोटीने गेलं.

चार महिन्यांनी मिसेस मॅक्लिनचं उत्तर आलं. शुभदाने ते मराठीत वाचून दाखवलं: "इतकी हलकी रजई काय ऊब देणार, असं वाटलं होतं. आता माझा नवरा ती मला देतच नाही. आणखी एक मिळेल का?"

सुमित्राबाई पोट धरून हसल्या. मग श्यामकांतला म्हणाल्या, "पायात चपला घाल. बाजार अजून उघडा असेल."