दहा मेगापिक्सेल आणि कबऱ्या

"आठवडाभर वापर. पटला तर ठेव, नाही तर परत दे," असं म्हणून विवेकने कॅमेऱ्याची बॅग माझ्या टेबलावर ठेवली. विवेक माझ्या ऑफिसातला. त्याला याच्याही पुढचं मॉडेल घ्यायचं होतं, त्यामुळे हा कॅमेरा तो कमी किमतीत विकत होता. लेन्स बदलता येणारा, दहा मेगापिक्सेलचा, गळ्यात अडकवला की मान आपोआप नम्र करणारा कॅमेरा. माझ्याकडे तोवर खिशात मावणारा साधा डिजिटल होता. त्याचं बटण दाबल्यापासून फोटो निघेपर्यंत समोरचा माणूस हसून, कंटाळून, निघूनही जायचा.

गॅलरीतल्या कुंड्यांचे फोटो काढून कॅमेरा कळत नाही. त्याच आठवड्यात माझी मैत्रीण सुनीता माहेरी निघाली होती. तिचं माहेर जालना जिल्ह्यात, तीर्थपुरीजवळच्या एका खेड्यात. "हुरडा खायला चल, आणि तुझ्या त्या तोफेची परीक्षाही होऊन जाईल," ती म्हणाली. जानेवारी होता, थंडी बेताची होती, रजा शिल्लक होती. मी निघाले.

पुण्याहून दुपारच्या एसटीने औरंगाबाद, तिथे सुनीताच्या नणंदेकडे मुक्काम आणि शनिवारी सकाळच्या पॅसेंजरने जालना. औरंगाबादहून जालन्याला एसटीही भरपूर आहेत, पण वेळ असेल तर पॅसेंजरच घ्या. तिकीट चहा-भज्यांच्या भावात मिळतं आणि खिडकीतून तुरीची, कापसाची रानं सावकाश बघता येतात. बदनापूरला डबा निम्मा रिकामा झाला. रोज ये-जा करणारे शिक्षक, कृषी संशोधन केंद्रात जाणारी मंडळी डबे सांभाळत उतरली. मी खिडकीतून पटापट फोटो घेतले. कॅमेऱ्याचा पहिला गुण इथेच कळला, बटण दाबलं त्याच क्षणी फोटो निघतो. पहिला दोषही इथेच कळला. तो दिसला की माणसं ताठ होतात. समोरच्या बाकावरच्या काकांनी आधी टोपी सारखी केली आणि मग विचारलं, "कोणत्या पेपरचे तुम्ही?"

"पेपरची नाही, अशीच."

"अशीच, अन् एवढा मोठा?" त्यांचा विश्वास बसला नाही. बाकीच्या प्रवासात ते एका बाजूला वळून, फोटोला बरं दिसेल असेच बसून राहिले.

जालन्याच्या स्टँडवर चहा घेऊन आम्ही अंबडमार्गे तीर्थपुरीची गाडी पकडली. रस्ता तेव्हा बराच उखडलेला होता, आता सुधारला असेल तर तुमचं नशीब. मागच्या सीटवर बसू नका, एवढं मात्र सांगते. अंबडच्या पुढे मला लेन्स बदलायची हौस आली. चालत्या गाडीत, उघड्या खिडकीशी. अर्ध्या मिनिटात मराठवाड्याची माती आत जाऊन बसली आणि त्यानंतर काढलेल्या प्रत्येक आभाळात उजवीकडे वर एक करडा ठिपका आला. माझ्या खिशातल्या कॅमेऱ्याची लेन्स निघतच नाही, त्यामुळे तो असल्या हौशीपासून सुरक्षित आहे. विकत घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

तीर्थपुरीला सुनीताचा भाऊ ज्ञानोबा जीप घेऊन आला होता. वाटेत त्याने सगळ्यात आधी नव्या ट्रॅक्टरची बातमी दिली. घरी पोचल्यावर ट्रॅक्टर दाखवला. नंतर पाणी दिलं. त्याचा आनंद खरा होता, मलाही बघून बरं वाटलं. ट्रॅक्टरचे मी आठ-दहा फोटो काढले आणि लाल रंग कॅमेऱ्याने झकास पकडला.

हुरड्याबद्दल काय सांगू? गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेली कणसं, तळहातावर चोळून काढलेले हिरवे दाणे, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. खाऊन आल्यावर पुण्यातल्या हुरडा पार्टीला पैसे देववत नाहीत.

आगटीशी कणसं फिरवत बसल्या होत्या त्या सुनीताच्या आत्या, गोदाआत्या. लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच नवरा गेला आणि त्या माहेरी परत आल्या, तेव्हापासून घरातली गुरं त्यांच्याकडे. गुरांशी सबंध दिवस बोलतात, माणसांशी लागेल तेवढंच. माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, आणि मग म्हणाल्या, "बाई, मह्या कबऱ्याचा एक फोटो काढून देती का? उद्या सकाळी न्यायला येऊन राह्यलेत त्याला."

कबऱ्या म्हणजे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा बैल. जोडीतला दुसरा दिवाळीनंतर विकला गेला होता. आता ट्रॅक्टर आल्यावर याचंही काम संपलं आणि शेजारच्या गावच्या एका शेतकऱ्याला आपल्या बैलाला जोड म्हणून तो हवा होता. ज्ञानोबाचं काही चुकत नव्हतं, आत्याही तसं म्हणत नव्हत्या. पण कबऱ्याची आई तो आठवड्याचा असताना गेली होती आणि आत्यांनी त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. घरात लग्नांचे तीन अल्बम होते. बैलाचा फोटो एकही नव्हता.

"काढते की," मी म्हटलं. मला तर आयताच विषय मिळाला होता.

उन्हं कलत आली होती, गोठ्याबाहेर पिवळसर प्रकाश होता. महागडा कॅमेरा लोक ज्यासाठी घेतात ते मी केलं, लेन्स पूर्ण उघडी ठेवली. म्हणजे ज्यावर नेम धराल तेवढंच स्पष्ट येतं आणि मागचं-पुढचं सगळं विरघळून जातं. आत्यांना कबऱ्याच्या बाजूला, जरा मागे उभं केलं. त्यांनी हात लांब करून त्याच्या मानेवर ठेवला. मी नेम धरला तो आत्यांच्या चेहऱ्यावर. काय चेहरा होता! कपाळावरचं गोंदण, डोळ्यांभोवतीच्या रेषा, सगळं त्या प्रकाशात उजळून निघालं होतं.

"मह्याकडं कशाला बघून राह्यली? त्याच्याकडं बघ," आत्या मधेच म्हणाल्या.

"तुम्ही दोघंही येताय, आत्या."

मागचा स्क्रीन उन्हात काळा ठिक्कर दिसत होता, त्यामुळे काय येतंय ते मला कळत नव्हतंच. अंदाजाने काढत गेले. मधे एकदा नेम कुठे धरायचा ते कॅमेऱ्यावरच सोपवलं, पुन्हा माझ्या हातात घेतलं. असे पुष्कळ फोटो झाले. कबऱ्या मात्र मानेवरच्या त्या हाताखाली सबंध वेळ शहाण्यासारखा उभा होता.

रात्री लाइट नव्हती. तेव्हा मराठवाड्यात लोडशेडिंगचा कारभार असा होता की लाइट कधी येते हेच लोक सांगायचे, कधी जाते ते सांगण्यात अर्थ नव्हता. बॅटरी संपत आली होती आणि चार्जर बॅगेत गप्प पडून होता. माझा साधा कॅमेरा पेन्सिल सेलवर चालतो, ते तीर्थपुरीच्या कुठल्याही किराणा दुकानात मिळतात. या साहेबांना स्वतःची खास बॅटरी लागते. खेड्यात जाणार असाल तर दुसरी बॅटरी घेतल्याशिवाय हा कॅमेरा नेऊ नका.

रविवारी सकाळी बैल न्यायला माणूस आला, तेव्हा कॅमेरा बंद पडला होता. त्यामुळे पुढचं मी नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. आत्यांनी कबऱ्याच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, भाकरी चारली. मग त्याच्या गळ्यातलं दावं सोडून आपल्या हातात घेतलं. जनावर विकलं तरी आपलं दावं द्यायचं नाही, अशी इकडची रीत. घेणारा स्वतःचं दावं घेऊन येतो. ज्ञानोबाने मला समजावलं, "दावं दिलं तर मंग दावणीची बरकत जाती म्हणत्यात." नवं दावं गळ्यात पडल्यावर कबऱ्याने मान झटकली, दोन पावलं मागे आला आणि मग निघाला. आत्या गोठ्यात गेल्या आणि त्याच्या जागेवरचं शेण काढायला लागल्या. मला फार वाईट वाटलं. हातात चालू कॅमेरा नाही याचं त्या वेळी जरा बरंही वाटलं.

सोमवारी आम्ही परत जालन्याला निघालो. सुनीता आणखी दोन दिवस राहणार होती, पण जालन्यापर्यंत सोबत आली. आणि आत्याही आल्या. त्या सहसा गाव सोडत नाहीत. "फोटो मी बघून घेनार," एवढंच म्हणाल्या.

जुन्या जालन्यात धान्याच्या पेढ्या आणि कापडाची दुकानं यांच्या मधल्या गल्लीत सलीमभाईंचा स्टुडिओ आहे. रिक्षा तोंडाशीच सोडा, आत हातगाड्यांमधून वाट काढत चालणं बरं. सलीमभाईंनी कार्ड कॉम्प्युटरला लावलं आणि मी आत्यांना खुर्चीत बसवलं. मोठ्या पडद्यावर पहिला फोटो उघडला तेव्हा मीच खूश झाले. आत्यांच्या डोळ्यांत गोठ्याचं दारसुद्धा दिसत होतं.

"क्या बारीक काम है!" सलीमभाई म्हणाले. "मौसी, तुमचा फोटो तर एक नंबर आलाय."

आत्या पडद्याकडे बघत राहिल्या. "अन् कबऱ्या कुठं हाये?"

"हा काय बाजूला," मी बोट ठेवलं. जिथे बोट ठेवलं तिथे काळा-पांढरा धूर होता. शिंग कुठे संपतं आणि भिंत कुठे सुरू होते, ते सांगता येत नव्हतं.

"ह्यो बैल हाये? कुनाचा बी आसंल."

पुढचा फोटो. त्याच्या पुढचा. सगळीकडे आत्या लख्ख आणि कबऱ्या धुक्यात. मी माझ्या परीने समजावू लागले की मागचं असं धूसर यावं म्हणूनच हा कॅमेरा घेतात, तेच त्याचं कौशल्य. बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की मी काय सांगतेय. बैल शेजारच्या गावी गेला होता, माझी गाडी दुपारची होती आणि आत्यांनी मागितलेली एकुलती एक गोष्ट माझ्याकडे नव्हती.

सलीमभाई पुढे पुढे सरकवत गेले आणि एके ठिकाणी स्वतःशीच म्हणाले, "ये तो आउट ऑफ फोकस हो गया, छोडो."

"थांबा," आत्या म्हणाल्या.

नेम कॅमेऱ्यावर सोपवला होता तेव्हाचा तो फोटो. त्याने आपल्या मनाने बैलाच्या ठिपक्यांवर नेम धरला होता. आत्यांचा चेहरा पुसट झाला होता, नाक-डोळेसुद्धा ओळखू येत नव्हते. आणि कबऱ्या? त्याच्या पापणीचा केस न् केस, नाकपुडीवरचा ओलावा, मानेखाली लोंबणाऱ्या कातडीची प्रत्येक घडी, डाव्या शिंगावरची जुनी चीर. मानेवर ठेवलेला आत्यांचा हातही स्पष्ट होता.

आत्या खुर्चीतून उठून पडद्यापाशी गेल्या. "ह्यो," त्या म्हणाल्या. "ह्यो मोठा करून द्या."

"मौसी, यात तुम्ही बिलकुल दिसत नाही."

"मी हाये की हितं. मला काय बघायचंय? त्यो गेला."

फ्रेम दोन दिवसांनी मिळणार होती. मी गाडी पकडली आणि मंगळवारी सकाळी पुण्यात होते.

विवेकने विचारलं, "मग? कसा वाटला?" मी तीन दिवसांचा हिशेब सांगितला. वेग उत्तम, रंग खरे, कमी प्रकाशातही माघार घेत नाही. वजन फार, धुळीला हळवा, उन्हात स्क्रीन निरुपयोगी, बॅटरीचे लाड करावे लागतात. आणि कशावर नेम धरायचा ते ठरवताना चुकतो. हे शेवटचं मात्र मी कॅमेऱ्याबद्दल बोलतेय की आणखी कुणाबद्दल, हे मला नीट सांगता आलं नाही. कॅमेरा मी ठेवून घेतला. तुम्ही घ्यायचा की नाही, ते कुणाचे फोटो काढायचेत त्यावर ठरवा.

गुरुवारी सुनीता माझ्या ऑफिसात आली. बुधवारी फ्रेम आणायला ती आत्यांबरोबर पुन्हा सलीमभाईंकडे गेली होती. फोटो छापायचा अजून बाकी होता, आणि सलीमभाईंनी भल्या मनाने सुचवलं होतं की मौसीचा चेहरा असाही आउट आहे, तेवढी बाजू कापली तर बैल मोठा येईल, फ्रेमही भरून दिसेल. सुनीताला ते आवडलं नाही. पण आत्या लगेच म्हणाल्या, कापा. सलीमभाईंनी पडद्यावर रेघ मारली. रेघेच्या पलीकडे आत्या गेल्या, अलीकडे मनगटापासून तुटलेला हात कबऱ्याच्या मानेवर तसाच राहिला. ते काही बरं दिसेना, म्हणून सलीमभाई तोही कॉम्प्युटरवर पुसून टाकायला निघाले.

"हात राहू द्या," आत्या त्यांना म्हणाल्या. "न्हाई तर त्यो हुभा राह्यचा न्हाई."