गादीवाल्यांचं बारकं गिऱ्हाईक

पन्नाशी उलटल्यावर गादीवाल्यांच्या घरी पाळणा हलला, ही बातमी आधी जिन्यात पसरली आणि मग रस्त्यावर. पुरावे भक्कम होते. गादीवालीण बाईंनी औषधांच्या दुकानातून शेकायची पिशवी आणली होती. गादीवाले भर दुपारी शटर अर्धं ओढून घराकडे पळत सुटायचे आणि कोणी अडवलंच तर "बारकं उपाशी असेल" म्हणायचे. शिवाय दुकानात बसून ते तळहाताएवढी गादी शिवताना दिसले होते, तीही गुलाबी साटिनची. लेक लग्न होऊन गेलेली, डोक्याचे केस पिकलेले, आणि आता हे! लोकांनी तोंडात बोटं घातली. काहींनी तर बाळाचं नाक आईवर गेलंय इथपर्यंत मजल मारली.

बाळ होतं हे खरं. फक्त ते साळुंकीचं होतं.

दुकानाच्या पाटीमागे साळुंकीचं घरटं होतं. एका सकाळी गादीवाले शटर उघडायला गेले, तर साळुंकी गाडीखाली येऊन रस्त्यात पडलेली, चोचीत अळी तशीच. पाटीमागे चिरचिर चालू. बाप तरी येईल म्हणून गादीवाल्यांनी दुपारपर्यंत गिऱ्हाइकांकडे कमी आणि पाटीकडे जास्त पाहिलं. कोणी आलं नाही. शेवटी शिडी लावून हात घातला, तेव्हा एकच पिल्लू धुगधुगत होतं. अंगावर पिसं नावापुरती, पोट खपाटीला, आणि सगळ्या देहाला पुरून उरेल एवढं पिवळं तोंड.

गादीवाले म्हणजे काय प्रकरण आहे हे इथे सांगायला हवं. माणूस जन्माचा काळजीवाहू. गादी विकली की दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या दारात हजर. झोप लागली का, कुठे टोचलं का, पाठ काय म्हणते? एका नव्या जोडप्याने त्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवलं होतं, तरी खोड गेली नाही. जगातली निम्मी दुखणी कडक बिछान्यातून येतात, असं त्यांचं ठाम मत. रस्त्यापलीकडे काथ्याच्या गाद्या विकणारा बसायचा. त्याच्याकडे ते, लोकांच्या मणक्यांवर उठलेला माणूस म्हणून बघायचे.

अशा माणसाच्या हाती पोरकं पिल्लू लागल्यावर तो काय करणार? गादी शिवणार. दोनदा पिंजलेला कापूस, एक गुठळी नाही, वर साटिनचं अस्तर, आणि हे सगळं बुटांच्या खोक्यात अगदी सपाट बसवलेलं. खाली शेकायची पिशवी. बायको उकडलेलं अंडं कुस्करायची, गादीवाले चिमट्याने भरवायचे. पिल्लू गिळायचं, घाण करायचं, आणि दोन्ही पाय दोन दिशांना टाकून पोटावर पडून राहायचं.

"बघ, गिऱ्हाईक कसं ऐसपैस पसरलंय," गादीवाले बायकोला म्हणाले. माणूस पाय फाकवून पडला की गादी जमली, ही त्यांच्या धंद्यातली खूणच होती.

बायकोला मात्र ते पसरणं खटकत होतं. पिसं फुटली, डोळे चकचकीत झाले, आवाज तर जिन्याखाली जायला लागला. पण पिल्लू उठेना. चिमटा दिसला की पंखांनी वल्हवत पोटावर सरकायचं. गादीवाले म्हणायचे, आरामात आहे बिचारं, कशाला उठेल. असं त्यांनी बायकोला सांगितलं, शेजारच्यांना सांगितलं, आणि मग एका सकाळी पिल्लाला हातात उचलल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हवेतसुद्धा पाय तसेच बाजूला राहताहेत. बेडकासारखे. त्या दिवशी शटर उघडलंच नाही.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पिल्लू तपासलं, मग खोकं तपासलं, मग साटिनवरून बोट फिरवलं.

"ही गादी कुणी केली?"

"मीच," गादीवाले म्हणाले. एवढ्या काळजीतही त्यांचा आवाज जरा चढलाच.

"हिच्यामुळेच झालंय."

बाईंनी समजावून सांगितलं. घरटं खोलगट असतं, खरखरीत असतं. पिल्लू त्यात पाय पोटाशी घेऊन बसतं, काड्या धरतं. इथे धरायला काही नव्हतं, म्हणून पाय घसरत गेले आणि तसेच वळत गेले. हाडं अजून कोवळी आहेत. त्यांनी मऊ पट्टीने दोन्ही पाय जवळ आणून बांधले. जमलं तर जमेल, म्हणाल्या. उभं राहता आलं नाही तर फांदी धरता येणार नाही, आणि फांदी न धरणारा पक्षी बाहेर सोडता येत नाही. मग पुढचं काय ते विचारायला परत या. ते पुढचं काय, हे विचारायची हिंमत दोघांनाही झाली नाही.

घरी आल्या आल्या बायकोने वाटी काढली, त्यात जुनं खरखरीत गोणपाट बसवलं. ती पाणी आणायला वळली तेवढ्यात गादीवाल्यांनी कडेने कापसाचा बोळा सरकवला. तिने तो ओढून काढला.

"अहो, त्याला लंगडं करायचंय का?"

"टोचेल गं त्याला."

"टोचू दे."

गोणपाटही घसरत होतं. मग गादीवाल्यांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. रस्ता ओलांडला आणि काथ्यावाल्याकडे मूठभर काथ्या मागितला. काथ्यावाला असली संधी थोडीच सोडणार? त्याने दुकानातल्या पोत्यावर बूड टेकून विचारलं, स्वतःच्या गादीसाठी नेताय की गिऱ्हाइकाच्या? गादीवाल्यांनी खरं काय ते सांगितलं. तसा तो उठला. आत जाऊन लांब धाग्यांचा, निवडलेला काथ्या घेऊन आला आणि मग रोज संध्याकाळी, रस्ता ओलांडून, पायांची चौकशी करायला लागला.

पट्टी सुटली तेव्हा उजवा पाय शहाणा झालेला होता. डावा घसरत होता. पुन्हा पट्टी. गादीवाल्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. दुकानात टाके वाकडे पडले, एका उशीत टाचणी राहिली, ती नशिबाने गिऱ्हाइकाच्या आधी बायकोला टोचली. वाटीशी बसून ते पिल्लाला सांगायचे, धर, धर की रे. पिल्लू अंडं मागायचं.

शेवटी त्याने धरलं. आधी काथ्या, मग गादीवाल्यांचं बोट, मग गॅलरीत आडवी बांधलेली काठी. डावा पाय किंचित बाहेर पडायचा, पण नखं घट्ट बसायची. गॅलरीचं दार उघडंच ठेवायला लागले. पिल्लू कठड्यावर, कठड्यावरून समोरच्या झाडावर, झाडावरून परत अंड्यासाठी. आणि मग एक दिवस ते चार साळुंक्यांबरोबर समोरच्या तारेवर जाऊन बसलं, कलकलाट केला आणि छपरांपलीकडे गेलं. खाली काथ्यावाला, बायको आणि अर्धा जिना मान वर करून उभा होता.

पिल्लू निघून गेल्यावरही गादीवाले तारेकडेच बघत होते. काथ्यावाल्याला राहवलं नाही. म्हणाला, "एवढं केलंत त्याचं, पण पठ्ठ्याने एकदा मागे वळून बघितलं नाही हो."

गादीवाले म्हणाले, "मागे कशाला बघतोय तो? पायाखाली बघून बसला तरी पुष्कळ झालं."