बुदे, आज इस्त्री करणार का?

वार्सिनी माझी शेजारीण. तिनं जन्मात कुणाला ‘नाही’ म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. नको असलं तरी ‘हो’, जमणार नसलं तरी ‘हो’. काय ते समोरच्यानं ओळखायचं. आमच्या जावा बेटावर याला वळण म्हणतात. मी इंग्रजी साहित्य शिकले, जन्मभर कॉलेजात ते शिकवलं आणि सालातिगाच्या याच गल्लीत म्हातारी झाले. पण हे वळण काही मला लागलं नाही. माझी जीभ सरळ चालते. डोकंही सरळच चालतं, म्हणजे समोर भिंत असली तरी.

हाँगकाँगात परक्यांची घरं सांभाळून बायका परत येतात तेव्हा सोनं आणतात, मोटारसायकल आणतात. वार्सिनीनं गेम खेळायची यंत्रं आणली, पुढच्या खोलीत मांडली आणि तासांवर भाड्यानं दिली. गल्ली हसली, सगळ्यात मोठ्यानं मी. पण पोरांची रीघ लागली. शिवी दिली की कंट्रोलर काढून घ्यायचा, एवढाच तिचा नियम. पुढे यंत्रं एकेक करून दमली, उरलं एक. त्यात पुलापलीकडे नवं, एसीचं दुकान निघालं आणि पोरं तिकडे सटकू लागली.

यंदा मात्र तिचं नशीब उघडणार होतं. स्वातंत्र्यदिनाला आमचे बाप्ये बायकांचे गाऊन चढवून फुटबॉल खेळतात. पटांगण गटारासाठी खणलेलं, म्हणून गल्लीप्रमुख सुरोसो म्हणाले, “गाऊन घालून टीव्हीवर खेळू. वार्सिनीकडे.” सगळी गल्ली तिच्या दारात येणार होती.

आदल्या सकाळी यंत्र अडून बसलं. आधी अपडेट, मग खेळ. तिच्या खोलीची वीज माझ्या मीटरवरून ओढलेली आहे. ती कुंपणाशी आली.

“बुदे, आज इस्त्री करणार का?” बुदे म्हणजे थोरली मावशी, गल्लीत मी सगळ्यांचीच. वार्सिनीला मी नुसतं ‘नी’ म्हणते.

“बरी आठवण केलीस, नी! उद्या झेंडावंदनाला कबाया घालायचाय.”

“हो, बुदे.” ती उभीच राहिली.

“तुझे कपडे आहेत का? आण की.” मी केवढी उदार!

“हो, बुदे,” म्हणून ती गेली.

भाताचा विजेचा कुकर चालू होता, पाण्याचा पंप चालू होता. मी इस्त्री लावली. खट्! घरातली वीज गेली. मी मीटरचा खटका वर केला, पुन्हा इस्त्री. पुन्हा खट्! मग वीज कंपनीला शिव्या घालत शेजारी गेले, तर टीव्हीचा पडदा काळा. त्यावर एकच ओळ: कंट्रोलर वायरनं जोडा. अपडेट अर्ध्यात मेलं होतं.

“वारा शिरलाय त्याला,” तिचा नवरा जुमादी म्हणाला. “नाण्यानं पाठ घासली की उतरेल.” आमच्याकडे माणसाचं अंग मोडून आलं की हेच औषध.

“घासा! तेलही आणून देते,” मी खेकसले. “आणि नी, वीज जायला नको होती तर आधी सांगायचं नाही?”

वार्सिनी खाली वाकून वायर चाचपू लागली. जुमादी मात्र हसत सुटला. “बुदे, सकाळी तिनं काय विचारलं तुम्हाला? अजून कसं सांगायचं? इस्त्री हिसकावून घ्यायची?”

माझ्या चेहऱ्यावर तेव्हा इस्त्री फिरवली असती तरी सुरकुती हलली नसती.

इतक्यात सुरोसो डोकावले. “संध्याकाळपर्यंत चालू झालं नाही तर स्पर्धा पुलापलीकडे नेतो हं.”

“हो, पाक,” वार्सिनी त्यांना अदबीनं म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

आम्ही कामाला लागलो. वायर जोडली, यंत्र ढिम्म. ती वायर नुसती चार्जिंगची निघाली. माझ्या फोनची लावली तेव्हा कंट्रोलर ओळखला गेला. मग नवी प्रणाली माझ्या लॅपटॉपवर उतरवून पेनड्राइव्हवर घालायची होती, आणि तो आधी कोरा करायला हवा होता. त्यात आम्हा निवृत्त बायकांची समूहगीतं होती. पुसली. कुणीही हळहळलं नाही, गाणाऱ्यांनीसुद्धा.

पडद्यावर पर्यायांची यादी आली. इंग्रजी म्हटल्यावर मी चष्मा सावरून पुढे सरसावले आणि खालच्या पर्यायाकडे निघाले.

“बुदे, वरचाही बरा दिसतो ना?”

मी थांबले. “म्हणजे खालचा नको?”

“खालचाही छानच आहे, बुदे.”

आता मी ओळ शेवटपर्यंत वाचली. खालच्यानं पोरांचे साठवलेले सगळे खेळ पुसले गेले असते. वरचा दाबला. निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली.

“बुदे, चहा घेणार का?”

आता मला कोण फसवतंय! मी धावत घरी गेले. कुकर, पंप, फ्रिज, पंखा, सगळं बंद केलं आणि घामाघूम होऊन मीटरखाली पहारा देत बसले. पट्टी पूर्ण झाल्यावर वार्सिनी आली, हातात पेला. चहा केव्हाच गॅसवर झाला होता आणि आता निवला होता.

दुसऱ्या दिवशी सुरोसो फुलाफुलांच्या गाऊनमध्ये सपाटून हरले. खोलीत तीळ ठेवायला जागा नव्हती, आणि पुलापलीकडची पोरं खिडकीला लटकलेली. मी चुरगळलेल्या कबायात, कच्चा भात खाऊन, सगळ्यात पुढे.

काल ती पुन्हा कुंपणाशी आली. “बुदे, आज इस्त्री करणार का?”

“सरळ सांग, नी. करू की नको?”

“हो, बुदे,” ती म्हणाली.

इस्त्री अजून माझ्या हातातच आहे.