दुसऱ्या बाजूचं पाचवं गाणं

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो आणि त्याने एक अल्बम काढला आहे. लोकांना दुसऱ्या गोष्टीचं कौतुक, मला पहिलीचं. बंद पडलेली लिफ्ट चालू होते तेव्हा निदान कुणाची तरी म्हातारी आई वर पोहोचते.

अल्बमचं नाव ‘बंद आहे’. लिफ्टच्या दाराला अडकवतात ना, तीच पाटी. गाणी नऊ. नऊच्या नऊ एकाच बाईवर, आणि ती बाई मी नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी फणकारले तर नवल वाटायला नको.

ती एका सहामजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायची. हा तेव्हा नुकता कामाला लागलेला. त्या इमारतीची लिफ्ट म्हणे दर पंधरा दिवसांनी बिघडायची. बिघडायची की कुणी बिघडवायचं, असं मी विचारते तेव्हा नुसता हसतो. दोन वर्षं चाललं ते. मग तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली, ती गेली, आणि याला साधा निरोपही नाही. पुढे चार वर्षांनी मी भेटले. आमच्या लग्नाला आता अकरा वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत याला माझ्यावर एक ओळ सुचलेली नव्हती.

सोबतीला दोघे आहेत. ड्रम वाजवणारा दाताच्या दवाखान्यात कंपाउंडर आहे आणि बेस गिटारवाला शाळेची बस चालवतो. दोघेही मला वहिनी म्हणतात आणि माझ्या अल्टरेशनच्या दुकानात पँटी फुकट आखूड करून घेतात. ज्या इमारतीची लिफ्ट दुरुस्तीला काढलेली असेल तिथे रविवारी हे तिघे जायचे. लिफ्टचा पाळणा, म्हणजे माणसं उभी राहतात तो डबा, वर अडकवून ठेवायचा, दाराला पाटी लावायची आणि खाली खड्ड्यात बसून गायचं. माइक चौथ्या मजल्यावर. आवाज वरपर्यंत जाऊन परत यायचा, तो परतीचा आवाज यांनी पकडला. जॅकेटच्या बाह्या आत घ्यायला आलेली कॉलेजची एक मुलगी मला म्हणाली, “काकू, याला इंडी रॉक म्हणतात.” म्हणजे काय, तर कुठल्या कंपनीने विचारलं नाही म्हणून स्वतःच काढलेला अल्बम.

आणि खरं सांगू? अल्बम सुंदर आहे. सगळा जळफळाट त्याचाच आहे. टाकाऊ असता तर हसून मोकळी झाले असते.

चाली अशा, की मशीनवरचा पाय आपोआप ठेका धरतो. मग शब्द कानात शिरतात आणि पाय थांबतो. तिसऱ्या गाण्यात कंपाउंडर प्रत्येक ठोका कणभर उशिरा देतो, जिन्यात दमलेला माणूस पाऊल टाकतो तसा. सहाव्या गाण्यात एक ओळ आहे, ‘तुझ्या दारापर्यंत पायऱ्या चोपन्न, परतताना मोजल्या नाहीत.’ ‘परतताना’ म्हणताना याचा आवाज फाटतो. फाटलेलं दिसलं की माझा हात सुईकडे जातो, पण ते तसंच ठेवा असं मीच सांगितलं होतं. गाण्यांचा क्रमही मीच लावला. हे तिघे गाणी आठवणीच्या क्रमाने लावायला निघाले होते, त्यांना काय कळतंय. रोज काम करताना मी अल्बम लावते, आणि आठव्या गाण्यापर्यंत येता येता त्या तिसऱ्या मजल्यावरच्या बयेची मलाच आठवण यायला लागते. जिला कधी पाहिलं नाही तिची. असली सवत वैऱ्यालाही मिळू नये.

मागच्या वर्षी दोन मित्रांच्या एका लहानशा कंपनीने या अल्बमची तबकडी काढायचं ठरवलं. जुन्या पद्धतीची, काळी, मोठी. पहिल्या बाजूला पाच गाणी, दुसऱ्या बाजूला चार, आणि चार मिनिटांची जागा रिकामी. नवीन काही असेल तर द्या, म्हणाले.

“माझ्यावर लिही,” मी भांडी विसळता विसळता म्हटलं.

“तुझ्यावर काय लिहू?”

“अकरा वर्षं घरात आहे. काहीतरी दिसलं असेलच की.”

बिचाऱ्याने मनापासून लिहिलं. आठ दिवसांनी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून म्हणून दाखवलं. त्यात माझी कात्री होती, माझं हसणं होतं, तू आहेस म्हणून घर आहे असंही होतं. सगळं खरं होतं आणि गाणं मेलेलं होतं. चाल जागची हलत नव्हती. मी “छान आहे” म्हटलं आणि त्याने मान खाली घातली. दोघांनाही कळलं होतं.

मग माझ्या डोक्यात किडा वळवळला. याला माझी आठवण येणार कधी? मी सदानकदा समोर. आईचा गुडघा दुखतोय असं सांगून बॅग भरली आणि माहेर गाठलं.

“भांडलात का?” आईने विचारलं. गुडघा तिचा ठणठणीत होता.

“नाही गं. त्याला माझी आठवण यावी म्हणून आलेय.”

“मग फोन बंद ठेव.”

तेवढं मला जमलं नाही. पहिल्या दिवशी त्याचा फोन आला, टाकीचा नळ कुठून बंद होतो. तिसऱ्या दिवशी, मोठा टॉवेल कुठे आहे. पाचव्या दिवसापासून फोन नाही. मी मनातून खूश. आता झुरतोय, म्हटलं. दहाव्या दिवशी मलाच राहवेना, परत आले.

“गाणं झालं,” तो दारातच म्हणाला. बॅगसुद्धा घेतली नाही हातातून.

पुन्हा स्टूल. पहिल्या दोन ओळी रिकाम्या घराच्या होत्या, सवयीने दोन कप काढले जातात आणि एक परत ठेवावा लागतो. माझे डोळे भरून आले. तिसऱ्या ओळीत पायऱ्या आल्या. मग तिसरा मजला. त्याच आठवड्यात त्या इमारतीची जुनी लिफ्ट काढायचं काम निघालं होतं, आणि हा दोन दिवस त्या रिकाम्या भुयारात उभा होता. आधीच्या नऊ गाण्यांत तो तिला परत बोलावतो. या गाण्यात बोलावत नाही, नुसता निरोप देतो, आणि शेवटी आवाज इतका खाली येतो की आपणच पुढे वाकतो.

“हे सगळ्यांत चांगलं झालंय,” मी म्हटलं. खोटं बोलता आलं असतं तर बोलले असते.

“आठवण तुझीच येत होती गं,” तो म्हणाला. “लिहायला बसलो की तिकडे जात होतं.” मग म्हणाला, “कुठलं द्यायचं ते तू सांग. तुला कळतं.”

मला कळतं, हीच तर पंचाईत. नवीन गाणं गेलं असतं तर अल्बम पुरा झाला असता, दहापैकी दहा तिची.

“माझं दे,” मी म्हटलं.

“नक्की?”

“नक्की.”

त्याने एका शब्दानेही वाद घातला नाही. घातला असता तर बरं वाटलं असतं.

तबकडी निघाली. नऊ गाणी काय ती, आणि शेवटचं कशाला घातलं, असं सगळीकडून ऐकू येतं. कंपाउंडर म्हणाला, “वहिनी, शेवटचं जरा...” मी म्हटलं, तू दातांचं बघ. कॉलेजची ती मुलगी तर शेवटच्या गाण्याआधीच सुई उचलते. मला येऊन अगदी निरागसपणे सांगून गेली. कार्यक्रमात तो ते गाणं सगळ्यात शेवटी म्हणतो. लोक खुर्च्या सरकवून उठायला लागतात, तरी एक कडवं गाळत नाही. मी पहिल्या रांगेत ताठ बसून असते.

ते दुसरं गाणं माझ्याखेरीज कुणीही ऐकलेलं नाही. काल दुपारी एका पडद्याची किनार दुमडताना मी तेच गुणगुणत होते, शब्दांसकट. मान वर केली तर हा दुकानाच्या दारात, खांद्यावर हत्यारांची पिशवी. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. मी ओळ अर्धीच सोडली.

“तिसऱ्या ओळीला सूर वर जातो,” तो म्हणाला, आणि तिथूनच पुढे गायला लागला.

मी रागाने मशीन सुरू केलं. पण पाय अगदी हळू मारत राहिले, त्याचं ऐकू यावं म्हणून.