दुसऱ्याच्या बेडक्यावर मिळालेलं दूध

“मना भायेर काढा! त्यो बेडका माजा नाय!”

तुरुंगाच्या क्षयरोगी बराकीतून ही बोंब उठली, तेव्हा खाडीच्या चिखलातले निवटे मासे बिळात शिरले असणार. इतक्या वर्षांनीही ती माझ्या कानातून गेलेली नाही.

एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी ठाण्याकडे फौजदार होतो. तुरुंगाचं नाव लिहीत नाही. तिथे दुसऱ्याच गुन्ह्यातला जबाब घ्यायला गेलेलो.

ओरडणारा कैदी मिठागरातला गडी. छातीवर मिठाची रास मावेल असा. शेजारचा रोगी रक्त ओकून मेला, तसा याचा धीर सुटला. क्षयरोग्याला दूध, अंडी मिळायची, चक्की माफ व्हायची. म्हणून यानं तपासणीच्या दिवशी दुसऱ्याची थुंकी आपल्या डबीत घेतली होती, आपली त्याच्या डबीत दिली होती.

तुरुंगाचे डॉक्टर पांढरे पडले. “फौजदारसाहेब, म्हणजे खरा रोगी अजून मोठ्या बराकीत आहे. चाळीस माणसं अंगाला अंग लावून झोपतात तिथे!”

“नाव सांग,” मी गड्याला दरडावलं.

“आईची आन घेतलीय, सायेब. मारा, पन नाव नाय सांगनार.”

मारून आण सुटत नाही, हे मला ठाऊक होतं. डॉक्टरांना घेऊन मोठ्या बराकीत गेलो. खोकला कोणाला, विचारलं. चाळीस दगड. मग मी खाली बसलो आणि एक थाप ठोकली.

“आमच्या हवालदारानं शीळच्या वाटेवर बुजगावण्याला चोर समजून धरलं. बेड्या घालून ठाण्यात आणलं. वर जबाबात लिहिलं, आरोपी काहीएक बोलत नाही!”

बराक हसून गडगडली. कोपऱ्यातला एक सुकडा तेवढा हसेना. तोंडात पंचा कोंबून बसलेला, डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, “पुढं ऐका, बुजगावण्याला जामीनही मिळाला.” तो फुटला. हसू आणि खोकला एकदम. पंच्यावर लाल डाग.

“का लपवलंस रे?”

“आजारी बराकीत भेट बंद, साहेब. बायको डोंबिवलीहून चालत येते, तान्ही पोर घेऊन. जाळीतून पोरीची बोटं चोखतो, तेवढंच सुख.”

“तेवढ्यात तिला आजार देतोयस तू,” डॉक्टर म्हणाले. त्यानं पंचा तोंडावर घट्ट बांधला.

गड्याला बाहेर काढून डॉक्टरांनी समोर थुंकायला लावलं, एकदा नव्हे, तीनदा. तिन्हीदा थुंकी साफ निघाली, बेटा बचावला. सुकड्यासाठी मी जेलरकडे गेलो. उघड्या अंगणात, दहा हात अंतर ठेवून भेट द्या म्हटलं.

“नियमात बसत नाही.”

“मग चाळीस जणांच्या घरचे पत्ते काढून ठेवा. उद्या आजार पसरला, की कळवावं लागेल.”

जेलरांनी दौत पुढे ओढली. आजारी बराकीतल्या सगळ्यांना तशी भेट द्यावी, अशा हुकमावर सही केली.

उभ्या नोकरीत मी दरडावून पुष्कळ काढून घेतलं. पण आजार दरडावून बाहेर येत नाही. आजाऱ्याला शिक्षा वाढवली, की तो चोरापेक्षा सफाईनं लपतो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बराकीत तोच प्रश्न विचारला. पाच हात वर झाले. मी एका म्हाताऱ्यावर खेकसलो, “काल तोंड शिवलं होतं काय रे तुझं?”

“काल आजाऱ्याला भेट बंद होती, साहेब.”