सोळा अक्षरांचा शब्द

सांगलीतल्या निम्म्या शहाण्यांचे कागद नाथाजी सुतारानं जुळवले होते, आणि त्यातल्या एकाबद्दलही त्याला आदर उरला नव्हता. पलूसहून मॅट्रिक नापास होऊन आलेला हा माणूस हरिभाऊंच्या छापखान्यात बावीस वर्षं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत होता. नापास झाला तो इंग्रजीतच. पण डॉक्टर-वकिलांची कार्डं आणि कॉलेजाच्या नोटिसा जुळवून जुळवून त्याचं स्पेलिंग इतकं पक्कं झालं होतं, की चूक दिसली की डोळ्यांत कुसळ गेल्यासारखं व्हायचं. सुरुवातीला तो मुकाट्यानं दुरुस्त करायचा. कुणी बरं म्हटलं नाही. पुढं करायचा तेही नाक मुरडूनच.

१९७५च्या दिवाळीनंतर ॲडव्होकेट अनंतराव ठोसर छापखान्यात आले. पेठेतल्या एका वाचनालयाचे ते सेक्रेटरी. वाचनालयाला सव्वाशे वर्षं होत होती, त्याची पत्रिका आणि स्मरणिका छापायची होती. मजकुराच्या डोक्यावर त्यांनी इंग्रजीत एक सोळा अक्षरी शब्द लिहिला होता, सेस्क्विसेंटेनियल.

"केवढा हो शब्द!" हरिभाऊ म्हणाले.

"पुण्यात एका समारंभात पाहिला. सेंटेनरी काय, कुणीही म्हणतं. आपले पाहुणे निवृत्त न्यायाधीश आहेत. सांगलीतही माणसं राहतात हे कळू दे त्यांना."

नाथाजी म्हणाला, "आवं वकीलसाहेब, सव्वाशे वर्सं असं सरळ मराठीत लिवलं तर?"

"तू खिळे जुळव रे."

त्यानं जुळवले. मोठ्या टायपात शब्द पत्रिकेवर मावेना, म्हणून दोनदा टाइप बदलला. पण वकिलाचं बोलणं डोक्यातून जाईना. दुपारच्या सुट्टीत तो थेट त्या वाचनालयात गेला. मोठी डिक्शनरी काचेच्या कपाटात होती, आणि कपाटाची किल्ली शोधण्यात ग्रंथपालाची पंधरा मिनिटं गेली. पानं एकमेकांना चिकटलेली. मधूनच कसर पळाली. सव्वाशे वर्षांच्या संस्थेत हे पुस्तक उघडणारा पहिला माणूस आपणच असू, असं वाटून नाथाजीला हसू फुटलं. शब्द सापडला. अर्थ होता, दीडशे वर्षांचा सोहळा. त्यानं तीनदा वाचलं. दाराशी येऊन पाटीवरचं स्थापनेचं साल पाहिलं, तर १८५०.

दुसऱ्या दिवशी ठोसर प्रूफ बघायला आले, तेव्हा त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, "वकीलसाहेब, ह्यो शबूद दीडशे वर्सांचा हाय. तुमच्याच डिक्शनरीत बघून आलोय."

ठोसरांचे कान लाल झाले. "मॅट्रिक नापास माणसानं मला इंग्रजी शिकवायचं? हरिभाऊ, ही सही. छापा."

हरिभाऊंना बाजूला घेऊन नाथाजीला हे पटवता आलं असतं. त्यानं तसं केलं नाही. होऊ दे शोभा, म्हणाला मनात, आणि पाचशे पत्रिका नि पाचशे स्मरणिका स्वच्छ, सुरेख छापून दिल्या.

समारंभाला तो मुद्दाम गेला, मागं चपलांपाशी उभा राहिला. न्यायाधीशांनी स्मरणिका हातात घेतली, चष्मा पुसला आणि माइकवर म्हणाले, "मी पंचवीस वर्षं लवकर आलो की काय?" त्यांनी चूक समजावून सांगितली. ज्यांना कळलं ते हसले, ज्यांना कळलं नाही ते जास्त मोठ्यानं हसले. हाच तो सुशिक्षित गाव, नाथाजीला वाटलं.

ठोसर उठले. "क्षमा असावी. छापखान्याची चूक आहे. आमचे हरिभाऊ इथंच बसलेत."

दुसऱ्या रांगेत हरिभाऊ. सही केलेलं प्रूफ त्यांच्याच टेबलाच्या खणात होतं. पण ठोसरांमुळं वकील मंडळींची कामं मिळत होती. हरिभाऊंनी मान खाली घातली. नाथाजीचं हसू तिथंच गेलं.

सोमवारी ठोसर एक चिठ्ठी घेऊन आले. सव्वाशेसाठीचा खरा शब्द त्यांनी कुणाकडून तरी मिळवला होता, तो आणखी एका अक्षरानं लांब. स्मरणिकांवर चिकटवायला त्याच्या पाचशे चिठ्ठ्या हव्या होत्या. "नाथाजीराव, तेवढं आज कराल का?"

नाथाजीनं कागद हातात घेतला नाही. "मालक, चूक कुणाची ते आदी ह्यांच्या तोंडावर सांगा. मग जुळवतो."

हरिभाऊ चहा मागवायला वळले. "जाऊ दे रे नाथा. मोठी माणसं आहेत."

नाथाजीनं रॉकेलनं हात धुतले, टोपी घातली आणि बाहेर पडला. महिन्याभरानं मिरजेतल्या एका छापखान्यात लागला. त्या चिठ्ठ्या कुणी जुळवल्या, शब्द बरोबर छापला की नाही, हे त्यानं कधीच विचारलं नाही.

नोकरी सोडली त्या संध्याकाळी घरी बायको, राहीबाई, म्हणाली होती, "एका शबदापायी बावीस वर्सांची नोकरी सोडली व्हय?"

"शबदाचं काय न्हाई गं," तो म्हणाला. "वकील तसलाच हाय, ते मला ठावंच हुतं. पर मालक मान खाली घालून बसलं."